सिव्हिल सर्जनचा दाखला

जिल्ह्याच्या गावी फौजदारी न्यायालयाच्या आवारात ज्याचे आयुष्य गेले अशा कोणत्याही शिरस्तेदाराला किंवा वकिलाच्या कारकुनाला एक वाक्य तोंडपाठ असते, आणि ते इतके तोंडपाठ असते की त्याचा अर्थ काय, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. स्त्रीवर अत्याचार केल्याच्या संशयावरून धरलेल्या इसमाला शिपाई सरकारी दवाखान्यात घेऊन येतो, फौजदाराच्या सहीची यादी टेबलावर ठेवतो, 'मेडिकल करून द्या' एवढेच म्हणतो, आणि काही वेळाने त्याच्या हाती जो दाखला पडतो त्याच्या शेवटी ते वाक्य असते: तपासलेला इसम संभोगास असमर्थ आहे असे दर्शविणारे काहीही आढळले नाही. दोन नकारांच्या बेचक्यात बसविलेले हे विधान काय सांगते? इसम समर्थ आहे असे ते सांगत नाही. त्याने गुन्हा केला असे तर मुळीच सांगत नाही. सुदृढ प्रकृतीच्या बहुतेक प्रौढ पुरुषांविषयी जे म्हणता येईल तेच ते या एका इसमाविषयी म्हणते, आणि त्याखाली सही-शिक्का पडतो.

दाखल्याच्या तळाशी हे असे पाणचट वाक्य असले, तरी त्याचा माथा मात्र चांगला भरगच्च असे. नाव, बापाचे नाव, वय, जात, धंदा, राहणार कोठला, कोणत्या शिपायाने आणले, आणि ओळखीच्या दोन खुणा – डाव्या भुवईवर जुना व्रण, उजव्या गालावर तीळ. खालच्या भागात शरीराची तपासणी आणि वरच्या भागात माणसाची ओळख, अशी ही वाटणी दिसायला निरुपद्रवी आहे. परंतु गेल्या दीडशे वर्षांचे खटले, कायदे आणि न्यायवैद्यकाचे ग्रंथ एकापुढे एक ठेवून पाहिले म्हणजे ध्यानात येते की निकालाचे वजन बहुधा वरच्या रकान्यांवरच पडत आले आहे.

इंग्रजी अमलापूर्वी या कामी वैद्याला कोणी बोलावीत नसे. पेशवाईच्या दफ्तरात स्त्रीपुरुषांच्या गैरवर्तनाला 'बदअमल' हा शब्द येतो, आणि त्यात राजीखुशीचा व्यभिचार व बळजोरी यांची सरमिसळ पुष्कळदा झालेली असते. शहानिशा व्हावयाची ती साक्षीने, शपथेने, गोताच्या सभेने, क्वचित दिव्याने; शरीराविषयी काही विचारावयाचेच झाले तर फार तर सुईणीला. शिक्षा ठरविताना जात आणि ऐपत उघडपणे पाहिली जाई. पुरुषाकडून 'गुन्हेगारी' म्हणून दंड वसूल होई आणि अनाथ, गरीब स्त्रीच्या नशिबी पुष्कळदा सरकारी कोठीतली बटीक होणे येई. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. मात्र माणसाची पायरी पाहून न्याय करताना आपण शास्त्र पाहून न्याय करतो आहोत, अशी बतावणी तिने केली नाही.

ती बतावणी पुढच्या शतकाची. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, १८६२ च्या पहिल्या दिवसापासून दंडसंहिता लागू झाली, आणि १८७० च्या सुमारास मुंबई सरकारच्या रासायनिक पृथक्करणाची कचेरी अस्तित्वात आली. विषप्रयोगाचा मुद्देमाल, रक्ताचे डाग, वीर्याचे डाग, सगळे सीलबंद होऊन या कचेरीकडे येऊ लागले. तिचे अधिकारी आय. बी. लायन हे ग्रँट मेडिकलचे प्राध्यापक होते आणि भारतासाठी न्यायवैद्यकाचे जे मोठे पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिले, ते त्यांच्या मागे अनेक वर्षे आवृत्त्या पाहत राहिले. महाराष्ट्रातल्या पोलिस ठाण्यांत आजही 'कपडे सी. ए. ला पाठविले', 'सी. ए. रिपोर्ट यायचा आहे' असे जे बोलतात, ते सी. ए. म्हणजे लायनसाहेबांचे जुने पद, केमिकल अ‍ॅनालायझर. प्रयोगशाळेचे नाव बदलले, कलिन्याला तिची नवी इमारत झाली, तरी ठाणे अंमलदाराच्या जिभेवर ते पद शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे.

लायनच्या आधी बंगालमध्ये नॉर्मन चेव्हर्स या डॉक्टराने १८५६ मध्ये असाच ग्रंथ प्रसिद्ध केला होता आणि १८७० मध्ये तो साऱ्या हिंदुस्थानासाठी म्हणून वाढवून काढला. चेव्हर्स विद्वान होता, कष्टाळू होता, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजचा प्राचार्य होता. परंतु ग्रंथाचा आरंभ त्याने अस्थींपासून किंवा विषांपासून केला नाही; येथल्या लोकांचा स्वभाव, त्यांच्या गुन्ह्यांच्या तऱ्हा, त्यांची खोटे बोलण्याची सवय यांची ओळख असल्यावाचून येथे न्यायवैद्यकाचे काम चालणार नाही, अशी त्याची भूमिका होती. इंग्लंडात सतराव्या शतकात न्यायमूर्ती हेल याने बलात्काराची फिर्याद करणे सोपे आणि तिचे निवारण करणे अवघड असा इशारा देऊन ठेवलाच होता. त्या इशाऱ्यावर येथे 'देशी साक्ष अविश्वसनीय' हे दुसरे पूट चढले. वैद्याने टेबलावरच्या शरीराकडे पाहावे, पण त्याआधी ते शरीर कोणाचे आहे हे पाहून ठेवावे, अशी ही शिकवण होती.

युरोपातही फार वेगळे चालले नव्हते. पॅरिसचा आंब्रवाझ तार्द्यू याने १८५७ मध्ये लैंगिक अत्याचारांवर जे पुस्तक लिहिले, त्याचा एक भाग आजही आदराने वाचावा असा आहे, कारण बालकांवर घरातल्याच माणसांकडून होणारे अत्याचार त्याने निर्भीडपणे नोंदविले. दुसऱ्या भागात मात्र, पुरुषाशी समागम करणाऱ्या पुरुषाच्या शरीरावर त्याच्या सवयीचे ठसे उमटतात, अवयवांचा आकारच बदलतो, असा सिद्धान्त त्याने मांडला. बर्लिनच्या कॅस्परने त्यातल्या बऱ्याच खुणांविषयी त्याच काळात शंका घेतली होती. परंतु शंका बंदरावरच राहिली आणि सिद्धान्त तेवढा आगबोटीत चढला.

तो उतरला कोठे, ते १८८४ च्या एका निवाड्यात पाहावयास मिळते. मुरादाबादकडे खैराती नावाच्या इसमाला स्त्रीवेषात गाताना पाहून पोलिसांनी पकडले आणि सिव्हिल सर्जनपुढे नेले. सर्जनने गुदद्वाराचा आकार तुतारीसारखा झाल्याचे नोंदविले आणि त्यावरून इसम या कर्माचा सराईत असल्याचा निष्कर्ष काढला. सेशन्स न्यायाधीशाने कलम ३७७ खाली शिक्षा ठोठावली. गुन्हा कोणत्या दिवशी घडला, कोठे घडला, कोणाबरोबर घडला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर नव्हते. होता तो एक वेष आणि एक आकार. अलाहाबाद हायकोर्टाच्या न्यायमूर्ती स्ट्रेट यांनी याच कारणासाठी शिक्षा रद्द केली, परंतु असल्या प्रकारांना आळा घालण्याच्या स्थानिक अंमलदारांच्या इच्छेची वाखाणणीही करून ठेवली. खैराती सुटला हे खरे. ज्या तपासणीने त्याला अडकविले ती मात्र सुटली नाही, पाठ्यपुस्तकांत मुक्कामाला राहिली.

खैरातीला पकडणाऱ्या पोलिसांच्या मनात काय होते हे समजण्यासाठी तेरा वर्षे मागे जावे लागते. १८७१ च्या एकाच कायद्याच्या पहिल्या भागाने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि दुसऱ्या भागाने हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम केला. आधी संशय, मग नोंद, मग हजेरी आणि सर्वांत शेवटी, घडलाच तर, गुन्हा असा हा उलटा क्रम होता. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला जमातींचा कायदा १९११ च्या नव्या रूपात मुंबई इलाख्यालाही लागू करता आला, आणि सोलापुरात गिरण्यांच्या आसऱ्याने काटेरी तारांच्या आत वसाहत उभी राहिली, जिला तेथले लोक 'सेटलमेंट' म्हणत. कैकाडी, भामटे, पारधी अशा जमातींची माणसे तेथे हजेरीच्या शिस्तीत राहत. रानात पारध करून किंवा गाढवे हाकून पोट भरणाऱ्या माणसाच्या दाखल्यावरचा 'जात' हा एक शब्द पुढचे सगळे रकाने वाचण्याचा त्रास वाचवीत असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि ही माणसे विमुक्त म्हणविली जाऊ लागली. संशयाची विमुक्ती त्या दिवशी झाली असे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही.

याच काळात सक्तीच्या तपासणीचा आणखी एक कायदा होता. छावणीतल्या आणि बंदरातल्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून १८६८ च्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि ठरावीक दिवसांनी शरीरतपासणी सुरू झाली. मुंबईत तो १८७० मध्ये अंमलात आला, मध्यंतरी तहकूब झाला, पुन्हा सुरू झाला आणि १८८८ मध्ये एकदाचा गेला. रोग दोघांमध्ये फिरत असे. तपासणीसाठी पोलिस ओढून नेत ते एकीलाच. गोऱ्या शिपायाची तशी तपासणी करणे त्याच्या स्वाभिमानाला बाधक होईल, ही काळजी लष्करी अधिकाऱ्यांना होती. स्वाभिमान हाही दाखल्याच्या वरच्या रकान्यातलाच विषय.

आता ज्या खटल्याने कायदा हलविला त्याकडे यावे. दंडसंहितेने १८६० मध्ये संमतीचे वय दहा वर्षे ठेवले होते, आणि पतीने पत्नीशी केलेल्या समागमालाही तीच मर्यादा होती. कलकत्त्याची फुलमणी दासी जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती; तिच्याहून कितीतरी मोठ्या नवऱ्याच्या, हरिमोहन मैतीच्या, समागमाने झालेल्या रक्तस्रावात ती मरण पावली. डॉक्टरांनी शवाची तपासणी करून मृत्यूचे कारण निःसंदिग्धपणे सांगितले. साऱ्या दफ्तरात वैद्यकाने आपले काम इतक्या सरळपणे बजावल्याची उदाहरणे थोडी. परंतु मुलीने दहा ओलांडली होती, म्हणून बलात्काराचा आरोप उभाच राहू शकेना. १८९० मध्ये नवऱ्याला अविचाराने जबर दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. तो फिरस्ता नव्हता, सराईत नव्हता, कोणत्याही नोंदवहीत त्याचे नाव असण्याचे कारण नव्हते. लग्न लागलेला गृहस्थ होता.

पुढच्या वर्षी संमतिवयाचे विधेयक आले. मलबारींची मोहीम, भांडारकर आणि तेलंगांचा पाठिंबा, टिळकांचा विरोध हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे, त्यात येथे शिरत नाही. दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. विरोधकांचा एक आक्षेप असा होता की या कायद्याने कुलीन घरांतल्या मुलींना परक्या डॉक्टरांच्या तपासणीला तोंड द्यावे लागेल. आणि तो आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, कारण वेश्यांच्या तपासणीची आठवण शहरांत ताजी होती. दुसरी गोष्ट अशी की १९ मार्च १८९१ रोजी वय बारा झाले खरे, पण आरोपी नवरा असेल तर खटल्याची दखल फक्त जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने घ्यावी आणि तपास इन्स्पेक्टरहून खालच्या अंमलदाराने करू नये, असा बंदोबस्तही करण्यात आला. साध्या शिपायाच्या संशयावर गुन्हेगार ठरविलेल्या जमातीतल्या माणसाला हजेरी लावता येत होती. गृहस्थावर संशय घ्यायला मात्र वरिष्ठ हुद्दा लागे.

विसाव्या शतकात या सगळ्या विद्येचा सारांश जयसिंग मोदी यांच्या पाठ्यपुस्तकात उतरला. १९२० मध्ये निघालेले हे पुस्तक भारतातल्या डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्यांनी परीक्षेसाठी वाचले आणि वकिलांनी उलटतपासणीसाठी. आरोपीच्या तपासणीत काय पाहावे ते त्यात तपशिलाने आहे: अंगावरचे ओरखडे, चावे, कपड्यांवरचे डाग, शिश्नबंधाची जखम. त्यातच एक कसोटी अशी की शिश्नमण्याभोवती साचणारा पांढुरका मळ जागच्या जागी असेल तर समागम नुकताच झालेला नाही, कारण तो पुन्हा साचायला सुमारे चोवीस तास लागतात. ही कसोटी वर्षानुवर्षे दाखल्यांत लिहिली गेली, तिच्यावर युक्तिवाद झाले. आंघोळ केलेल्या माणसाला ती गैरलागू, सुंता झालेल्याला तर मुळातच गैरलागू. म्हणजे एकाच गुन्ह्याच्या दोन आरोपींपैकी एकाला शास्त्राचा आधार मिळण्याची शक्यता आणि दुसऱ्याला ती नाही, एवढाच काय तो तिचा निश्चित परिणाम. स्त्रीच्या बाबतीतही प्रतिकाराची अपेक्षा धंदा पाहून ठरे: कष्टकरी बाई दणकट, ती तडाखे देऊ शकेल, तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत तर संशयाला जागा आहे. शेतात राबून कमावलेले बळ साक्षीच्या पिंजऱ्यात असे तिच्याच विरुद्ध जाई.

स्वातंत्र्यानंतर, आरोपीचे शरीर हा त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतो काय, हा प्रश्न घटनेच्या कसोटीला लागला. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना, शरीराचा भाग दाखविणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे ठरविले. १९७३ च्या फौजदारी संहितेत कलम ५३ ने आरोपीच्या तपासणीला, लागेल तेवढे वाजवी बळ वापरण्यासह, स्पष्ट अधिकार दिला. कायद्याचा हा भाग स्वच्छ आहे. घोळ झाला तो नेहमीच्या ठिकाणी.

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलिस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. आरोपी दोन पोलीस. मुलीची तपासणी झाली ती घटनेला बरेच तास उलटून गेल्यावर. अंगावर जखम नाही, कौमार्यपटल जुनेच फाटलेले, योनीत दोन बोटे सहज जातात, वय चौदा ते सोळा असा दाखला आला. सेशन्स न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर चळवळ उठली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ज्या दोन खटल्यांनी या देशातला बलात्काराचा कायदा मुळापासून हलविला, त्यांतल्या एकातला आरोपी नवरा होता आणि दुसऱ्यातले आरोपी गणवेशातले होते. नोंदवह्या शतकभर रानावनातून फिरणाऱ्यांच्या मागावर होत्या.

राजस्थानातल्या भटेरी गावच्या खटल्यात तर वरच्या रकान्याने उघडच साक्ष दिली. बालविवाह थांबवू पाहणाऱ्या एका कुंभार जातीच्या कार्यकर्तीने १९९२ मध्ये फिर्याद केली. तिची तपासणी पन्नासाहून अधिक तास उलटल्यावर झाली. आणि १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना या अपराधातून मुक्त करताना, वरच्या जातीची आणि प्रौढ वयाची माणसे असे करतील हे संभवनीय नाही, असा विचार केला. जातीने एकाला जन्मतः गुन्हेगार ठरविता येते तर दुसऱ्याला जन्मतः निर्दोष का ठरविता येऊ नये? तर्क एकच आहे.

वरच्या रकान्यांकडे ढुंकूनही न पाहणारी तपासणी अखेर इंग्लंडात निघाली. लेस्टरशायरमधल्या दोन शाळकरी मुलींच्या खुनांच्या प्रकरणात पोलिसांनी १९८६ मध्ये एका सतरा वर्षांच्या, मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या स्वयंपाकघरातल्या पोऱ्याला धरले आणि त्याने कबुलीही दिली. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी नुकत्याच शोधलेल्या डीएनए चाचणीने, वीर्य त्याचे नाही हे सिद्ध केले. पुढे सापडलेला खरा गुन्हेगार बेकरीत काम करणारा, विवाहित, दोन मुलांचा बाप होता. आपल्याकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षामागून वर्षे हेच सांगते की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी फिर्यादीच्या ओळखीचा असतो.

२००२ च्या अखेरीस पुराव्याच्या कायद्यातून फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य काढण्याची मुभा गेली. दोन बोटांच्या चाचणीविरुद्ध सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातून इंद्रजित खांडेकरांनी अहवाल सिद्ध केला आणि प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले; २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चाचणी स्त्रीच्या खासगीपणावर आघात करणारी ठरविली; २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या खुणांचा पाठ अभ्यासक्रमातून काढला. स्त्रीच्या बाजूचे पान असे हळूहळू पुसले जात आहे.

पुरुषाच्या बाजूच्या पानाविषयी एवढेच सांगतो. २००५ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या आरोपीच्या तपासणीसाठी कलम ५३अ आले, आणि १ जुलै २०२४ पासून ते नव्या संहितेत कलम ५२ म्हणून चालू आहे. अहवालात काय असावे याची यादी कायद्यानेच दिली आहे: आरोपीचे नाव व पत्ता, त्याला आणणाऱ्याचे नाव, वय, जखमा, डीएनएसाठी घेतलेले नमुने, इतर महत्त्वाचा तपशील, आणि तपासणी सुरू झाल्याची व संपल्याची अचूक वेळ. त्यात जात नाही, धंदा नाही. २०१३ पासून बलात्काराच्या व्याख्येत शरीराचा दुसरा अवयव किंवा एखादी वस्तू यांचाही समावेश झाल्यामुळे पुरुषत्वाच्या प्रश्नाला पूर्वीचे महत्त्वही उरलेले नाही. तरी ठाण्यातून येणाऱ्या यादीवर 'इसम संभोगास समर्थ आहे काय' हा प्रश्न अजून छापलेला सापडतो, आणि त्याखाली डॉक्टर तेच जुने वाक्य लिहून देतो.